उन्हाळ्यातला मळा: नाशिकच्या शेतघराभोवतीचे जीव कसे पाहावेत, कसे जपावेत

नाशिकची माणसं पक्षी पाहायला निघतात ती थंडीत. निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य जवळ, त्यात २०२० साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, तोही राज्यात पहिला. डिसेंबर-जानेवारीत तिथे दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांची रांग लागते. मार्च सरता सरता बदकं उत्तरेला परततात, द्राक्षं उतरतात, ऊन चढतं आणि दुर्बीण कपाटात जाते. थंडीत येतात ते पाहुणे. आपल्या बांधावर, आपल्या आंब्यावर, आपल्या विहिरीच्या कडेला बारा महिने राहणारे जीव मात्र चैत्र-वैशाखातच घर मांडतात. झाडांना नवी पालवी आलेली असते, पालवीवर अळ्या असतात, उंबर-जांभळं पिकू लागतात, आणि पिल्लं उडायला शिकेपर्यंत पाऊस दारात येतो. म्हणून मार्च ते जूनचा मध्य हा आपल्या घराभोवतीचं जीवन पाहण्याचा खरा हंगाम, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी गाडी काढावी लागत नाही, फक्त काही गोष्टी नीट कराव्या लागतात.

हा लेख गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरी, पिंपळगाव, सिन्नर अशा भागांत मळ्यात वस्ती असलेल्यांसाठी आहे, तसाच शहरात अंगण-परसबाग असलेल्यांसाठीही. कामं ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने सांगतो.

आधी बांधावरून एक फेरी

संध्याकाळी ऊन उतरल्यावर कागद-पेन घेऊन सगळ्या जागेभोवती चाला आणि ढोबळ नकाशा काढा. मोठी झाडं कुठे आहेत, ड्रीपची नळी कुठे गळते, वाळलेली जाड फांदी कुठे आहे, दगडांचा ढीग कुठे पडलाय, रात्रभर दिवा कुठे जळतो, एवढं मांडलं तरी पुरे.

द्राक्षबागेत किंवा टोमॅटोच्या प्लॉटमध्ये फार काही सापडणार नाही. तिथे एकच पीक आणि सतत फवारणी. जीव टिकून असतात ते बांधावरच्या बाभळी-बोरींत, ओहोळाच्या काठी, घरामागच्या पडीक तुकड्यात, विहिरीच्या जुन्या दगडी बांधकामातल्या सांदीत. तुमच्याकडे एखादा उंबर असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. त्याला वर्षातून अनेकदा फळं लागतात आणि भर उन्हाळ्यात तो अर्ध्या पंचक्रोशीला खाऊ घालतो. बुलबुल, कोकीळ, तांबट, साळुंक्या, खारी दिवसा येतात, वटवाघळं रात्री. आपला राज्यपक्षी हरियल म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबुतर. तो उंबर-वडाच्या पानांत असा मिसळतो की थवा उडेपर्यंत झाडावर काही आहे असं वाटतही नाही. फळलेल्या झाडाखाली अर्धा तास गुपचूप उभं राहा, वरून फळांचे तुकडे पडू लागले की नजर तिथे न्या.

पाणी

धान्य टाकण्यापेक्षा पाणी ठेवणं कितीतरी मोलाचं. उन्हाळ्यात खायला अळ्या-किडे, फळं, फुलं असतात. आटतं ते पाणी. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकत ते अंग थंड करतात आणि त्यात शरीरातलं पाणी झपाट्याने जातं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी भिंतीच्या सावलीला चोच वासून बसलेला कावळा कुणीही पाहिला असेल.

भांडं मातीचं घ्या, पसरट आणि उथळ. मधोमध पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको आणि कडेला अर्धा इंच पुरे. चिमणी किंवा शिंपी पक्ष्याला त्याहून जास्त पाण्यात उतरता येत नाही. आत दोन-तीन खडबडीत दगड ठेवा, पाण्याबाहेर डोकं काढतील असे. पक्षी त्यावर टेकतात, मधमाश्या त्यावरून बुडण्याची भीती न बाळगता पाणी पितात. स्टीलची किंवा प्लास्टिकची गुळगुळीत थाळी टाळा, ती तापते आणि पाय घसरतात.

जागा निवडताना मांजराचा विचार आधी करा. भांडं झुडपाला अगदी लागून ठेवलं की मांजर दबा धरून बसतं, आणि उघड्यावर ठेवलं की शिक्रा वरून येतो. झुडपापासून सात-आठ फुटांवर, झाडाच्या सावलीत, ही जागा योग्य. दुसरं एक भांडं जमिनीवरच ठेवा. खार, मुंगूस, सरडा, होला यांना खालचं पाणी सोयीचं पडतं.

रोज सकाळी पाणी ओतून द्या, काथ्याने भांडं घासा, नवं भरा. साबण नको. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून पूर्ण डासापर्यंतचं चक्र साधारण आठ-दहा दिवसांत पुरं होतं, त्यामुळे रोज बदललेल्या पाण्यात डास होत नाहीत. चार दिवस गावाला जाणार असाल तर शेजाऱ्याला सांगून जा किंवा भांडं पालथं घाला.

पक्ष्यांना सवय लागायला वेळ लागतो. सुरुवातीला साळुंक्या आणि सातभाई येतील, कारण ते धीट. सातभाईंचं टोळकं एकदा अंघोळ करून गेलं की बाकीचे हळूहळू धजावतात. गळक्या नळाखाली ठेवलेल्या भांड्यावर पक्षी सर्वांत लवकर येतात, त्यांना थेंबाचा आवाज कळतो. तुटक्या मडक्याला बारीक छिद्र पाडून ते भांड्यावर टांगलं तरी हाच परिणाम साधतो.

शेततळं, विहीर आणि हौद

हा भाग कुणी सांगत नाही आणि नाशिक जिल्ह्यात तर हा सर्वांत महत्त्वाचा आहे. द्राक्ष-डाळिंबासाठी आपण हजारोंनी शेततळी केली, त्यांना प्लास्टिकचा कागद अंथरला. तहानलेला जीव उताराने खाली जातो, पाणी पितो आणि गुळगुळीत कागदावरून वर येऊ शकत नाही. ससा, मुंगूस, कोल्हा, खोकड, मोराची पिल्लं, साप, कुत्री, कधी बिबट्या सुद्धा. काठावर पोहोचलेल्या नख्यांचे ओरखडे कागदावर पाहिले की पोटात कालवतं. आणि माणसंही अशीच बुडतात, हे विसरून चालणार नाही.

उपाय स्वस्त आहे. चारही बाजूंनी काठावर मजबूत खुंटी ठोकून काथ्याचा जाड दोर तळापर्यंत सोडा, दर फुटाला गाठ मारा. लहान जिवांसाठी दोर पुरत नाही, म्हणून किमान एका कोपऱ्यात काथ्याची रुंद जाळी किंवा एकमेकांना बांधलेले जुने टायर उतारावर पसरा. पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली जाते, तेव्हा दोर तळापर्यंत पोहोचतो का ते दर पंधरवड्याला बघा. तळ्याला कुंपण असेल तर बाहेरच्या बाजूला जनावरांसाठी एक सिमेंटचा उथळ हौद बांधा, म्हणजे आत जायची गरजच उरत नाही.

घराजवळच्या टाक्या आणि हौदांत एक आडवी फळी किंवा तिरकी फांदी टाकून ठेवा. खारीची पिल्लं आणि बेडूक त्यावरून वर येतात. कठडा नसलेल्या विहिरीला कठडा घालणं हे तर कर्तव्यच.

याच फेरीत आणखी दोन गोष्टी उरका. द्राक्षं किंवा डाळिंब उतरल्यावर पक्ष्यांपासून संरक्षणासाठी लावलेली जाळी गुंडाळून पत्र्याखाली ठेवा. बांधावर फेकलेल्या नायलॉन जाळीत धामण अडकते, पुढे जायला बघते आणि धागा खवल्यांत रुतत जातो. आणि झाडांवर लोंबणारा मांजा काढा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी येवल्यापासून नाशिकपर्यंत संक्रांतीनंतर तो फांद्यांवर महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि वटवाघळांचे, घुबडांचे पंख कापतो. लांब काठीला आकडा बांधून गुंडाळून घ्या आणि बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाका.

एक कोपरा तसाच सोडा

चैत्रात साफसफाईचा उत्साह असतो. पाला पेटवला जातो, बांध जाळले जातात, वाळकी फांदी तोडली जाते. निदान एक गुंठाभर जागेत हे थांबवा.

वाळकी फांदी का ठेवायची, ते तांबट सांगतो. भर दुपारी, बाकी सारं गप्प असताना, टुक-टुक-टुक असा एका लयीत जो आवाज येत राहतो तो याचा. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल, गळा पिवळा. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीला, बहुधा खालच्या बाजूने, तो चोचीने गोल भोक पाडून घर करतो. ती फांदी तोडली की घर गेलं. घरावर पडायची भीती असेल तर टोकाचा भाग छाटा, बुंध्याकडचा जाड भाग राहू द्या.

पाल्याच्या थरात गांडुळं, गोगलगायी, विंचू, भुंगेरे असतात. हुदहुद तुरा मिटून लांब चोचीने माती उकरत फिरतो तो त्यांच्यासाठीच. सातभाई पाला उलटवत जातात. बांधाच्या उघड्या मातीच्या उभ्या कडेला अंगठ्याएवढी भोकं दिसली तर ती बुजवू नका, वेडा राघू मार्च ते जून अशा बोगद्यांत अंडी घालतो. तारेवर बसून हवेतली माशी टिपायची आणि परत त्याच जागी येऊन बसायचं ही त्याची सवय असल्याने फोटोसाठी याच्याइतका सोपा पक्षी नाही.

फवारणी थांबवा असं मी म्हणणार नाही, पोट त्यावर आहे. पण द्राक्षवेलींच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर फवारणीचा ब्लोअर फिरवताना बांधाच्या बाजूचे नोझल बंद ठेवता येतात. फुलोऱ्यातल्या पिकावर संध्याकाळी, माश्या परतल्यावर फवारता येतं. कांदा बियाण्याचे डेंगळे ज्यांनी केलेत त्यांना मधमाशीशिवाय गोंड्यात बी भरत नाही, हे वेगळं सांगायला नको.

कांदाचाळीत उंदीर झाले तर विषाच्या वड्या ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, तो गव्हाणी घुबडाच्या तावडीत आधी सापडतो आणि विष घुबडाच्या पिल्लांपर्यंत जातं. पिंजरे लावा. घुबडं आणि धामणी मिळून उंदरांचा जेवढा फडशा पाडतात तेवढा वड्यांनी होत नाही.

पहाटेची बैठक

मे महिन्यात नाशिकला सहाच्या सुमाराला उजाडतं. दयाळ त्याच्या बराच आधी सुरू होतो. काळा-पांढरा, शेपटी वर उचललेला, घराच्या सर्वांत उंच टोकावर बसून गाणारा. हिवाळ्यात हाच पक्षी जवळपास मुका असतो. उन्हाळ्यात नर आपली हद्द राखायला आणि मादीला बोलवायला पहाटे तासभर गातो, आणि प्रत्येक नराच्या शिळेत थोडा फरक असतो. आठवडाभर ऐकलं की आपला दयाळ कोणता आणि शेजारच्या मळ्यातला कोणता, ते कळतं.

साडेपाचला चहा घेऊन ओट्यावर बसा. मळकट रंगाचे कपडे, पाठ भिंतीला, हालचाल कमी. मोबाइलवरचं मर्लिन हे फुकट अॅप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं. ते उपयोगी आहे, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका, दुर्बिणीतून खात्री करा. दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या, पहाटेच्या अंधुक उजेडात ती चांगली चालते. पक्ष्याला जवळ आणायला मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका. नर समजतो की हद्दीत परका घुसला. तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो.

कोकीळ सगळ्यांना ऐकू येतो, पण त्याची मादी पाहिलेले थोडे. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, डोळे लाल, आणि आवाज कुहू नाही, घाईघाईचा किक-किक-किक. कावळ्याचं घरटं शोधा आणि समोर बसा. नर कोकीळ मुद्दाम समोर येऊन कावळ्यांना मागे लावतो आणि मादी तेवढ्यात अंडं घालते. पावशाही यात मागे नाही, तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, आणि नंतर आपल्याहून मोठ्या पिल्लाला भरवणारे सातभाई बघायला मिळतात.

आठ वाजता उठा. त्यानंतर ऊन डोक्यावर येतं आणि पक्षी सावलीत शिरतात.

घरटं सापडलं तर

घरट्याचा आनंद मोठा आणि त्यातली जबाबदारीही तेवढीच. साधा नियम: पक्षी तुमच्याकडे बघून ओरडू लागला की तुम्ही फार जवळ आहात. मागे व्हा. फोटोसाठी आडवी येणारी पानं किंवा काटकी कधीही कापू नका. ती पानं म्हणजे पिल्लांची सावली आणि कावळ्यापासूनचा आडोसा. मे महिन्यातलं ऊन उघड्या पिल्लांना थोड्या वेळात मारतं.

शिंपी कुंडीतल्या मोठ्या पानाच्या झाडाला, वांग्याला, अगदी दाराजवळ घर करतो. एक-दोन पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यांतून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओवतो आणि बाहेरच्या बाजूला तो पिंजून गाठीसारखा करतो, म्हणजे धागा सुटत नाही. पान जिवंतच राहतं, म्हणून घर हिरवं दिसतं. झाडाला पाणी घालताना तिथे धार मारू नका. शिंजिराची मादी व्हरांड्यातल्या तारेला कोळिष्टकं, साली, कचरा यांची लांबट थैली लटकवते आणि दारावर छोटी पडवी काढते. अनेक घरांत तो कचरा समजून झाडूने काढला जातो. जाळं दिसलं की आधी आत कुणी आहे का ते बघा.

टिटवीला मात्र मी जास्त वेळ देतो. मोकळ्या मुरमाड जागेत, कधी द्राक्षबागेच्या रस्त्याच्या मधोमध, कधी स्लॅबवर ती चार अंडी घालते. घरटं म्हणजे खड्यांचा एक वेढा, अंडी मातीच्याच रंगाची. नर-मादी आळीपाळीने साधारण महिनाभर उबवतात, आणि वैशाखात उबवण्यापेक्षा अंडी तापू न देणं हेच मुख्य काम असतं. दुपारी एक जण जवळच्या पाटावर किंवा शेततळ्याच्या सांडव्याला जातो, पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो, परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर टेकतो, आणि जोडीदार उठून पाण्याकडे जातो. दुरून, दुर्बिणीने, सावलीत बसून हे पाहिलं तर दुपार कशी सरते कळत नाही. ट्रॅक्टर जाणार असेल तर अंडी उचलून हलवू नका. चार दगड उभे करा, वर कापड बांधलेली काठी रोवा आणि ड्रायव्हरला दाखवून ठेवा. पिल्लं फुटल्यावर लगेचच चालू लागतात आणि आईबाप त्यांना घेऊन जातात.

पिल्लू जमिनीवर सापडलं तर आधी नीट बघा. अंगावर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, म्हणजे ते उडायला शिकतंय आणि आईबाप आसपास आहेत. कुत्रं-मांजर बांधा, पिल्लू जवळच्या झुडपाच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. उघडंबोडकं पिल्लू घरट्यातून पडलं असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई सोडून देते, हा गैरसमज आहे. उन्हाने कोसळलेला मोठा पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. शेजारी उथळ वाटी ठेवली की शुद्धीवर आल्यावर तो आपणच पितो.

याच दिवसांत ढोलीतून पोपटाची पिल्लं काढून विकली जातात. आपला साधा पोपट पाळणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. असं काही दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दुपार लिंबाच्या झाडाखाली

घरामागे लिंबू किंवा कढीपत्ता आहे? मग एक भिंग घ्या आणि कोवळ्या पानांची मागची बाजू तपासा. मोहरीएवढं फिकट पिवळसर अंडं एकेकटं चिकटवलेलं दिसेल. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस पक्ष्याच्या विष्ठेचा डाग दिसते, काळपट-पांढरी आणि ओलसर चकचकीत. मोठी झाली की हिरवीगार होते. गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी-लाल दोन शिंगं बाहेर काढते आणि कुबट वास सोडते. मुंगी त्या वासाने मागे फिरते. एकदाच करून बघा, पुन्हा पुन्हा त्रास देऊ नका. मग ती काडीला कमरेभोवती रेशमाचा पट्टा बांधून कोष करते. पुढे ऊन-पाण्यानुसार आठवड्या-दोन आठवड्यांत त्यातून काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं लिंबू फुलपाखरू निघतं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेल्या नीलवंताच्या अळ्याही याच कुळातल्या झाडांवर वाढतात. मुलांना सुट्टीत दाखवायला याहून चांगलं काही नाही. झाड मोठं असेल तर चार पानं गेल्याने काही बिघडत नाही, औषध मारू नका.

खोडावरचा सरडाही बघा. एप्रिलपासून नराचं डोकं आणि खांदे लालभडक होतात, गळ्याखाली काळे डाग उठतात आणि तो पुढच्या पायांवर जोर काढत दंड मारतो. व्हरांड्याच्या कोपऱ्यात मातीचं बोराएवढं मडकं दिसलं तर ते कुंभारमाशीचं. ती त्यात अळ्या बेशुद्ध करून भरते, एक अंडं घालते आणि तोंड बंद करते. माशी माणसाच्या वाटेला जात नाही.

आग्या मोहोळ मात्र वेगळं प्रकरण. वडाच्या फांदीला किंवा पाण्याच्या टाकीखाली ते मोठं पोळं लटकत असेल तर जवळ धूर, ढोल, फटाके नकोत. पोळं जाळणाऱ्यांना बोलावू नका, पावसाआधी माश्या बहुधा स्वतःच उठून जातात.

अंधार पडल्यावर

बाहेरचा दिवा शक्यतो बंद ठेवा, गरज असेल तिथे पिवळा आणि खाली झाकलेला लावा. पहिल्या अर्ध्या तासात पिंगळा घुबडांची जोडी ढोलीतून बाहेर येऊन कलकल करते. मग पडीक माळावरून रातवा पक्ष्याचं चक-चक-चक. आंबे-जांभळं पिकली की उदमांजर येतं. सकाळी झाडाखाली जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर रात्री तिथे लाल कागद बांधलेली बॅटरी घेऊन बसा. छपरावर रात्री धावणारं 'भूत' बऱ्याचदा हेच असतं.

मेअखेर वळवाच्या सरी पडल्या की इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडच्या झाडीत काजवे चमकू लागतात. भंडारदऱ्याला त्यासाठी लोटणारी गर्दी आणि गाड्यांचे दिवे पाहता मी तिकडे जायला सांगणार नाही. जोडीदार शोधण्यासाठी काजवे उजेडाचे इशारे करतात आणि हेडलाइटमध्ये ते इशारे हरवतात. त्या पट्ट्यात कुणाचा मळा असेल तर त्याच्या ओहोळाकाठी, सगळे दिवे विझवून, वाटेवरच उभं राहून पाहा. गवतात शिरू नका, माद्या आणि अळ्या खाली असतात.

साप आणि बिबट्या

यांच्याबद्दल घाबरवणं आणि धीर देणं दोन्ही मला आवडत नाही. कामाचं तेवढं सांगतो.

विषारी म्हणून ओळखायचे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. लांबसडक, चपळ धामण आणि पाण्याकाठची दिवड बिनविषारी. बिनविषारी कवड्या मण्यारीसारखा दिसतो, त्यामुळे पट्टे पाहून स्वतः निवाडा करू नका. मण्यार रात्री फिरते आणि तिचा चावा अनेकदा जाणवतही नाही. उन्हाळ्यात अंगणात झोपायचं असेल तर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. अंधारात पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. लाकडं, विटा, गोवऱ्या उचलताना आधी काठीने हलवा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. तो अवयव न हलवता, १०८ ला फोन करून, सरळ सरकारी रुग्णालय गाठा. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं.

गोदावरी, कादवा, दारणेच्या काठी उसात बिबट्या राहतो, हे निफाड-सिन्नरकडे कुणाला सांगायला नको. तोडणी चालू असताना फडात पिल्लं सापडली तर हात न लावता काम थांबवा, माणसं मागे घ्या आणि १९२६ ला कळवा. आई बहुधा रात्री येऊन त्यांना नेते. अंधारात पाणी द्यायला जाताना दोघांनी जा, मोबाइलवर गाणी चालू ठेवा, वाकून बसू नका. कुत्रा, शेळ्या आणि कोंबड्या रात्री पक्क्या दाराआड ठेवा आणि कोंबड्यांची घाण, मेलेली जनावरं उघड्यावर टाकू नका. पाऊलखुणा पाहायच्या असतील तर सकाळी, वाटेवरच्या फुफाट्यात. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात.

मृगाच्या आधी

मेच्या शेवटच्या आठवड्यात वहीत तीन नावं लिहून ठेवा आणि प्रत्येकापुढे पहिल्यांदा ऐकल्याची तारीख टाका: पावशा, चातक, नवरंग. पावशा 'पेरते व्हा' म्हणत आधी सुरू होतो. काळा-पांढरा, तुरेवाला चातक मोसमी वाऱ्याच्या आगेमागे पोहोचतो. नवरंगाची दोन सुरांची शीळ पश्चिमेकडच्या झाडीत पहाटे-संध्याकाळी ऐकू येते. दरवर्षीच्या या तारखा एका वहीत राहिल्या तर चार-पाच वर्षांत त्या वहीला किंमत येते.

याच सुमाराला विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणीच्या नरांची डोकी पिवळी झालेली दिसतील. विणकाम पावसाबरोबर सुरू होईल, तोवर पाण्यावर झुकलेल्या फांद्या छाटू नका. पहिल्या पावसानंतर डबक्यात पिवळेधमक बेडूक डरावतील, त्या रात्री मळ्याच्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवा.

झाडं लावायची ती आता. बांधावर उंबर, जांभूळ, करवंद, भोकर, बहावा, आणि घराजवळ कढीपत्ता आणि लिंबू. खड्डे उन्हात तापू द्या, दोन चांगले पाऊस झाले की रोपं लावा. पाण्याची भांडी जूनअखेर उचलून धुऊन ठेवा, कारण पावसात त्यांत डासच होतील. शेततळं भरायच्या आधी एकदा खाली उतरून बघा: दोर उन्हाने कुजलाय का, गाठी सुटल्यात का, खुंटी हलतेय का. काथ्याचा दोर एका उन्हाळ्यात बराच झिजतो. तो याच वेळी बदलून घ्या, तळं भरल्यावर ते काम कुणाच्याच हातून होत नाही.